काळं म्हणजे गार

"दार तुम्हीच लावायला लावलंत, साहेब. माझा भाऊ आत आहे हे माहीत असून."

शीतगृहाच्या तिसऱ्या खोलीत अमोनिया सुटला होता. पॅकिंगमधली ताई बंद दारासमोरून हटत नव्हती. तिचा धाकटा भाऊ पेट्या रचायला आत गेला होता, तासाभरापूर्वी.

"बाई, बाकीच्या शंभर जणांचा विचार करावा लागतो," साहेब म्हणाले.

ते शंभर जण केव्हाच फाटकाबाहेर पोचले होते.

अग्निशमनचे दोघं मुखवटे चढवून तयार होते. साहेबांना मात्र आधी खात्री हवी होती, आतला जिवंत आहे का. खोलीच्या छताला दुहेरी कॅमेरा होता. एक डोळा साधा, दुसरा उष्णता टिपणारा. कॅमेरेवाल्याने लॅपटॉप उघडला. साध्या डोळ्याला नुसतं धुकं दिसत होतं.

"तो बंद कर. दुसरं चित्र दे, आणि मुख्य कार्यालयालाही पाठव."

"लाइन मंद आहे, साहेब. दोन्हीकडे झेपायचं नाही."

"मग बारीक कर. रडगाणं नको."

त्याने चित्राचा आकार उतरवला. सेकंदाला पंचवीस चित्रं यायची, ती पाच सेकंदांना एक केली. कॅमेरा अडकला. साहेब मानेवर श्वास टाकत उभे. घाईघाईत त्याने स्वतः केलेली सगळी जुळवणी पुसून कॅमेरा फॅक्टरी सेटिंगवर नेला आणि आकडे पुन्हा भरले. आकडे तेवढेच; बाकीची जुळवणी राहून गेली.

चित्र आलं. पांढरट जमीन. कोपऱ्यात आडवा पडलेला माणूस, काळाकुट्ट.

"काळा म्हणजे काय रे?"

"गरम ते पांढरं, गार ते काळं," कॅमेरेवाला पुटपुटला. कॅमेरा बसवला त्या दिवसापासून तो सगळ्यांना हेच पढवत आला होता.

"हलला तो!" ताई किंचाळली. "हात आत्ता छातीवर होता त्याचा!"

"चित्र तुटक येतंय, बाई. उणे अठरा आहे आत." साहेबांनी मुखवटेवाल्यांना हातानेच थांबवलं. "गॅस निवळू दे. मेलेल्यापायी जिवंत माणसं घालवायची नाहीत मला."

ताईने दारावर मुठी आपटल्या. चौघा पहारेकऱ्यांनी तिला ओढून बाजूला केलं. साहेबांनी वर फोन लावला आणि "एक दगावला" असं कळवूनही टाकलं.

अडीच तासांनी दार उघडलं. धाकट्याला बाहेर आणून चादर घातली. साहेबांनी कॅमेरा उतरवून कपाटात ठेवायला सांगितला. कॅमेरेवाला शिडी घेऊन आत गेला.

ताई लॅपटॉपसमोर बसून होती. रडत नव्हती. पडद्यावर शिडी आली, मग शिडी चढणारा माणूस. पायापासून डोक्यापर्यंत काळाकुट्ट.

तिने लॅपटॉप उचलला आणि साहेबांच्या तोंडासमोर धरला.

"साहेब, हा पण मेलाय का?"