खिडकीतली पट्टी

बरणीच्या काचेवर ब्रश टकटक वाजला, आणि अर्धा तास मुकाट बसलेल्या जोसीने विचारलं, "पेपे, नाक खाजवू?"

"नाक काढून झालंय," आजोबा म्हणाले. "आता ते तुझं. खाजव."

लिनेट ओव्हनपाशी उभी होती, हातात बीन्सच्या भांड्याचं झाकण. तिला हसू आलं नाही. ती वडिलांच्या खांद्यावरून कागदाकडे बघत होती. तिची सहा वर्षांची पोर तिथे जवळजवळ सगळी उतरली होती. निळा स्वेटर, कानामागची सावली, मधाच्या रंगाचे केस. डोळ्यांत मोहरीएवढा कागद कोरा सोडलेला, तेवढ्यानेच नजर जिवंत झाली होती. फक्त गाल आणि ओठ पांढरेफटक होते.

आजोबांनी, म्हणजे आर्मां वेलेटनी, ब्रश फडक्यावर आडवा ठेवला. "झालं. बाकीचं ऑगस्टनंतर."

या चित्रासाठी लिनेट नोव्हेंबरपासून त्यांच्या मागे लागली होती. नोव्हेंबरात बँगोरच्या डॉक्टरांनी बापलेकीला समोर बसवून सांगितलं होतं, की वडिलांच्या हातात फार तर बर्फ वितळेपर्यंतचे दिवस आहेत. परतीच्या वाटेवर वडील गाडीच्या टायरांबद्दल बोलत राहिले. त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. आणि आता फेब्रुवारी उजाडला होता.

ऑगस्टचं कारण सिंकवरच्या खिडकीत चिकटवलेलं होतं. वीतभर कागदाची पट्टी. तिच्यावर नव्या ट्यूबमधल्या गुलाबीचा एक सरळ फराटा, अर्धा उघडा, अर्धा काळ्या पुठ्ठ्याखाली झाकलेला. खाली पेन्सिलीने तारखा, डिसेंबर ते ऑगस्ट. जुन्या भरवशाच्या गुलाबीची ट्यूब हिवाळ्याआधीच संपली होती, आणि तो रंग आता कुठे मिळत नव्हता. नव्या ट्यूबवर रंग टिकण्याबद्दल काहीही छापलेलं असो, ती आधी या खिडकीत उन्हाळा काढणार, मगच चित्रात जाणार.

चाळीस वर्षं दर गुरुवारी चर्चच्या तळघरात त्यांनी हेच शिकवलं होतं. फिकं आधी, गडद नंतर. कागदावरची ओली चमक जात नाही तोवर हात मागे. पांढरं आधीच राखून ठेवा, गेलं की परत येत नाही. आणि ऊन सोसल्याशिवाय लाल रंगावर विश्वास ठेवू नका.

ही शेवटची गोष्ट त्यांना घरातल्याच एका चित्राने शिकवली होती. लग्नाच्या वर्षी त्यांनी बायकोचं चित्र काढलं आणि बैठकीच्या उन्हाच्या भिंतीवर लावलं. दहा वर्षांत चेहऱ्यावरचा लाल उडाला, सावल्यांचा निळा तेवढा राहिला. लिनेटची आई येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, "मी मेल्यावर कशी दिसेन, ते यांनी आधीच काढून ठेवलंय." सगळे हसायचे. वडील हसायचे नाहीत.

"पापा, गाल असे कोरे ठेवून कसं चालेल?"

"कोरं राहिलं म्हणून कधी चित्र बिघडलेलं नाही. घाईने भरलं की बिघडतं. एक गुरुवार माझ्या वर्गाला आली असतीस, तर कळलं असतं."

"पण ऑगस्टपर्यंत थांबायचं कुणी?"

शब्द निघून गेला. जोसीला त्यातलं काही कळलं नाही, ती स्वेटरचा धागा ओढत बसली होती. वडिलांनी मात्र फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. लिनेटने झाकण भांड्यावर ठेवलं आणि पाठ फिरवली. जीभ चावून काय होणार होतं.

खुर्ची सरकली. आर्मां उठले. ऑक्सिजनची नळी हाताने बाजूला सारत सावकाश खिडकीपर्यंत गेले, तिथे दम खाल्ला. मग काचेवरची चिकटपट्टी नखाने सोडवली आणि पुठ्ठा उचलला.

फराट्याचे दोन्ही अर्धे सारखेच दिसत होते.

"टिकलाय की," लिनेट पुढे होत म्हणाली.

"फेब्रुवारीचं ऊन ते काय ऊन. एवढ्याने काही ठरत नाही."

त्यांनी पट्टी सिंकच्या कडेला ठेवली, परत येऊन बसले आणि ट्यूबचं झाकण फिरवलं. मुगाच्या दाण्याएवढा गुलाबी ताटलीत काढला. "बस गं नीट," ते जोसीला म्हणाले. "हनुवटी वर. माझ्याकडे नको, आईकडे बघ."

गालांच्या जागी त्यांनी आधी नुसतं स्वच्छ पाणी लावलं. कागद चमकू लागला, तसं ब्रशचं टोक गुलाबीत बुडवून एकदाच टेकवलं. रंग आपला आपण पसरला, पाणी होतं तिथवर गेला आणि थांबला. मग दुसरा गाल. मग ओठ. कागदावरची पोर आत्ताच बर्फातून खेळून आल्यासारखी दिसायला लागली.

लिनेटने हळूच विचारलं, "राहील हा, पापा?"

त्यांनी झाकण घट्ट बसवून ट्यूब तिच्या तळहातावर ठेवली.

"ते तू बघशील," ते म्हणाले.

लिनेटने मूठ मिटली. टायरांबद्दल बोलणारा माणूस सगळा हिवाळा दिवस मोजत होता, तिच्याइतकेच.

जोसी खुर्चीवरून घसरून खाली आली. टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून तिने स्वतःचे गाल निरखून पाहिले.

"हा रंग उडतो?"

"कधी कधी उडतो," आजोबा म्हणाले.

पोरीने क्षणभर विचार केला. मग तोड सापडल्यासारखी ती आईकडे वळली.

"मग उडाला की पेपे परत भरेल ना?"