मोडलेला वॉर्ड

महापालिकेच्या नव्वदच्या निवडणुकीत माझ्या भावाला, प्राणेशअण्णाला, कोयत्यांनी तोडून नाल्यात टाकलं. मारलं कुठे, ते पोलिसांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. संशय समोरच्या पार्टीच्या नागोजीवर होता, पण त्या दिवशी आपण म्हैसूरला होतो असं सांगून तो कोर्टातून सुटला.

शहाण्णवला आमचा वॉर्डच मोडला आणि आमची गल्ली नागोजीच्या वॉर्डाला जोडली. आता त्याला आमची मतं हवी होती. हात जोडत घरी आला आणि वहिनीला म्हणाला, “अक्का, शाळेमागच्या मैदानाला अण्णांचं नाव देऊ.”

नावाची पाटी रोवायला मजुराने मैदानाच्या गेटपाशी पहार मारली. नागोजीने त्याचा हात धरला.

 

“तिथे नको रे. अण्णा पडले ते त्या चिंचेखाली.”