न धुतलेली जर्सी

"'महिनाभर वापरली. एकदाही पाणी लावलं नाही. तरी घामाच्या वासाचा मागमूस नाही.'" संतोषने मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवलं आणि सोफ्यावरून पाय पसरले. "हे वाचून माझी बायको म्हणाली, तुम्हीच का नाही लोकरीचे करून मिळत?"

सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकलने जाऊन संतोष, नम्रता आणि निकिता अशी तिघं नुकतीच निकिताच्या खडकीतल्या घरी परतली होती. डिसेंबरातली थंडी अजून बोटांत होती. आत तिची आई, जयाबाई, पोहे परतत होत्या.

निकिता हसली. हिंजवडीतल्या कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं तिचं काम. सुट्टीच्या दिवशी ती सायकलच्या सामानाची परीक्षा घ्यायची आणि त्यांच्या ग्रुपच्या वेबसाइटवर लिहायची. तिने चांगलं म्हटलं की लोक डोळे मिटून विकत घ्यायचे. थंडीत घालायच्या या मेरिनो लोकरीच्या जर्सीबद्दल तिने कालच लिहिलं होतं.

"पुण्याच्या थंडीला लोकर म्हणजे जरा जास्तच मान झाला," नम्रता म्हणाली. "पण आण की बाहेर. पुरावा बघू."

निकिताने आतल्या खोलीतल्या खुंटीवरून जर्सी आणली. संतोषने ती दोन्ही हातांनी नाकाशी धरली.

"कमाल आहे. काही म्हणजे काही नाही."

नम्रताने बाही उलटी केली आणि काखेपाशी नाक नेलं. "उलट बरा वास येतोय गं."

त्याच वेळी जयाबाई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसलेले पाहुणे, त्यांच्या हातात आपल्या मुलीचा कपडा, आणि कपड्यात नाक. त्या दारातच थांबल्या.

"वास येतोय का कसला?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता. निकिताचं हसणं थांबलं.

"तेच तर, काकू," संतोष म्हणाला. "महिनाभर धुतली नाही हिने, आणि वास नाही. जगजाहीर केलंय तसं."

जयाबाईंनी बशा टीपॉयवर ठेवल्या. एक जरा तिरकी पडली होती, ती सरळ केली.

"न धुता कशी राहील?" त्या म्हणाल्या. "धुते की ती. घालून आली की धुते. रिठ्याच्या पाण्यात. माझ्यासमोर." निकिताकडे त्यांनी बघितलं नाही. "आमच्या घरात मळका कपडा खुंटीला राहत नाही. नाक मुरडायला कोणाला जागा ठेवली नाही आम्ही आजवर."

जर्सी नम्रताच्या मांडीवर होती. ती तिथेच असू द्यावी की उचलून ठेवावी, हे तिला कळेना.

"वा," संतोष शेवटी म्हणाला. "म्हणजे परीक्षा रिठ्याचीच झाली."

निकिताने ती जर्सी कधीच धुतली नव्हती. 'आई, हिला पाणी लावू नकोस, वासच तपासायचाय,' असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि आई 'बरं' म्हणाली होती. मग एका सकाळी डोक्यातून जर्सी घालताना गळ्यापाशी तो वास आला. रिठ्याचा. लहानपणापासून घरातला प्रत्येक स्वेटर त्याच पाण्यातून निघाला होता. आपण कंपनीच्या बसने गेलो की मागे घरात काय होतं, हे तिला तिथेच उभ्या उभ्या कळलं. विचारलं असतं तर सगळी चाचणी पहिल्यापासून करावी लागली असती. तिने विचारलं नाही. शेवटी लिहिताना तिने एक वाक्य घातलं: लोकरीला स्वतःचा एक मंद वास असतो.

आता 'आईने धुतली, मला माहीत नव्हतं' एवढं म्हटलं असतं तरी सुटका होती. आई टीपॉयपाशी उभी होती. बशा सरळच होत्या, तरी तिचा हात त्यांच्यावरून फिरत होता.

"हो, धुतलेली आहे," निकिता म्हणाली. "दर वेळी. मी खोटं लिहिलं."

संतोषने मोबाइल उलटा करून ठेवला.

"मी दोन मागवल्यात," एवढंच तो म्हणाला.

"पोहे घ्या," जयाबाई म्हणाल्या. "गार झाले की वातड होतात."

सगळ्यांनी पोहे संपवले. चांगले झालेत, असं नम्रताने दोनदा सांगितलं. एरवी तासभर रेंगाळणारे ते दोघं आज चहाला थांबले नाहीत.

सायकली जिन्यावरून उतरण्याचा आवाज थांबला तशी निकिताने आपलं लिखाण उघडलं आणि खालून वर एकेक वाक्य पुसायला लागली. मंद वासाच्या वाक्यापाशी तिचं बोट अडलं. आत नळ सुरू झाला होता. तिने मान वर केली. जर्सी सोफ्यावर नव्हती.

बाथरूममध्ये जयाबाई पाटावर बसून जर्सी बादलीत बुचकळत होत्या. मनगटापर्यंत फेस आला होता.

"आई, परवाच तर धुतलीस ना," निकिता दारातून म्हणाली. हे ती आईला पहिल्यांदाच बोलत होती.

जयाबाईंनी वर बघितलं नाही.

"धुतली होती," त्या म्हणाल्या. "पण आज त्या दोघांनी नाक लावलंय तिला."