बाहेर जाणारे क्लिक

"शाळा सोडलेल्याने मला आकडे शिकवू नयेत!" मामा खेकसला. "बघ, या लिंकवर सगळ्यात जास्त क्लिक! साईट नुसती पळतेय!"

"अरे मामा, साईट नाही, गिऱ्हाइकं पळतायत! हे क्लिक बाहेर गेलेल्यांचे आहेत!" माझंही डोकं फिरलं.

मामाचं सोफा दुरुस्तीचं दुकान आहे, आणि रस्त्यापलीकडे तसंच दुसरं. साईटवर त्याने माझ्याकडून लाल अक्षरांत लिहून घेतलंय, 'समोरच्या भामट्यापासून सावध!' आणि भामटा नीट ओळखता यावा म्हणून खाली त्याच्याच साईटची लिंक.

ती काढूया म्हटलं, तर मामाने मलाच कामावरून काढलं.



असो. समोरच्या भामट्याकडे अचानक एवढी गिऱ्हाइकं यायला लागलीत की त्याला माणसं पुरत नाहीत, म्हणून मला आत्ताच निघायला हवं.