मागच्या रांगेतलं हसू

अमरावतीच्या हॉलमध्ये मी पहिल्या रांगेत बसले होते. स्टेजवर माझा नवरा श्याम माझ्यावरच विनोद करत होता. त्याच विनोदांसाठी लोक तिकीट काढून येतात.

"आखाजीले बायकोनं खापरावर मांडे टाकले. एकेक मांडा असा फाटला, पाव्हण्यायले वाटलं चिंध्याच वाढून राहिली!"

हॉल हसला. त्या अक्षय्य तृतीयेच्या सकाळी माझी आई गेल्याचा फोन आला होता आणि सासू म्हणाली होती, "आधी मांडे उरक, मंग रड." हे श्याम कधीच सांगत नाही.

मागच्या रांगेत एक बाई हसत होती. पुढच्या विनोदाला तर तो संपायच्या आधीच हसली. ते हसू माझं होतं, शेवटी खोकल्यात अडकणारं. त्या आखाजीपासून मी हसलेलेच नाही.

मी तोंडावर हात दाबला. हसू थांबेना.

"हे पहा माही बायको!" श्यामनं मागे बोट दाखवलं. "किती खुश हाये!"

सगळे मागे वळून टाळ्या वाजवू लागले. माझ्याकडे कोणीच पाहिलं नाही.

"काय व, फोनचं सांगू काय यायले?" त्यानं तिला विचारलं.

"सांगा ना," ती माझ्या आवाजात म्हणाली, आणि आधीच हसली.