एक मोकळी दुपार

“आज दुपारी मी कुठंही येणार नाही.” मास्तरांनी संग्रहालयाच्या पायरीवरच फतकल मारली. “काय करायचं ते कर.”

मुलगा वाकून समजावू लागला. अर्ध्या तासात बोट सुटेल, मग बाग, बागेनंतर जुना पूल. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही सहल म्हणायची की कवायत? सकाळी डोळे उघडले की हा दारात उभा, रात्री डोळे मिटेपर्यंत हात धुऊन मागे लागलेला. जन्मभर शाळेच्या घंटेवर नाचलो ते काय म्हातारपणी पोराच्या घड्याळावर नाचायला?

त्यांचं एक वेळ सोडा. पण बायकोच्या गुडघ्यांचं काय? ती पहिल्यापासून चालीला हळू. जरा थांबावं, मागे वळून बघावं, तर हा दंडाला धरून पुढं ओढायचा. इथं आल्यापासून तिच्याशी धड दोन शब्द बोलायला मिळाले नव्हते. कार्ट्याला आईची काडीची काळजी नाही.

काल तर कहरच झाला. बसला उशीर आहे म्हटल्यावर हा तिकीट खिडकीवरच्या माणसावर असा खेकसला, की लोक बघत राहिले. त्या मेल्या थांब्यावर धूळही इतकी, की मास्तरांचे डोळे संध्याकाळपर्यंत चुरचुरत होते.

“एक दुपार मोकळी दे,” मास्तर म्हणाले. “तुझ्या आईसाठी तरी.”

मुलानं तोंड फिरवलं. बोटीचा वरचा मजला म्हणे उघडा असतो, छान वारा लागतो. मास्तर ढिम्म हलले नाहीत. शेवटी तोच हरला.

चौकातल्या झाडाखाली टेबल मिळालं. मास्तरांनी चपला काढून पाय ताणले. समोरच्या खिडकीत एक बाई चादर झटकत होती, तेच बघत बसले. ह्याला म्हणतात फिरणं. रागही जरा निवळला. तिसऱ्या खुर्चीवरची पिशवी त्यांनी उचलून खाली ठेवली आणि तीन चहा सांगितले, त्यातला एक बिनसाखरेचा.

चहा आले दोनच.

मास्तर पुन्हा भडकले. तीनपर्यंत मोजता येत नाही का, म्हणून वेटरला झापलं. वेटरनं गुपचूप मुलाकडे पाहिलं. म्हणजे ह्या दिवट्यानंच परस्पर एक कमी केला होता!

“आईच्या चहावर काट मारतोस? लाज वाटत नाही? जा, कुठं मागं राहिलीय बघ. तिला घेऊन ये आधी.”

मुलगा उठला नाही. त्यानं दोन्ही कप बाजूला सारले आणि बापाचा हात हातात घेतला.

“बाबा, आई नाहीये. दोन वर्षं झाली तिला जाऊन.”

मास्तरांनी हात हिसकावून घेतला.

“दोन वर्षं? आणि हे तू मला आज सांगतोस?”

“कालही सांगितलं होतं, बाबा. बसची वाट बघताना.”