तळहात

ढब्बूचा हात आधी टेकला आणि प्रेक्षकांत बसलेल्या मॅडमना आतून गुदगुल्या झाल्या.

दोघी मुली एकमेकींना धरून एकदमच कोसळल्या होत्या. पण सुमोत पावलं सोडून अंगाचं काहीही आधी जमिनीला लागलं की खेळ खलास. ढब्बूने पडता पडता तळहात फाडकन आपटला होता. ज्युदोत पडायचं ते असंच, मार हातावर घेऊन डोकं वाचवायचं. गोलमटोल शाळकरी पोर होती तेव्हा मॅडमनीच तिला हे शिकवलं होतं. ढब्बू हे नावही त्यांचंच.

"लहानपणची सवय आहे, जाते कुठे!" मॅडम शेजारच्या बाईंना म्हणाल्या. त्या बाईंनी काही विचारलं नव्हतं.

रिंगणाबाहेर सुमोचे प्रशिक्षक ढब्बूची पाठ थोपटत होते. ती त्यांना आप्पा म्हणायची. इतकी वर्षं पोरीसाठी जिवाचं रान करून मॅडम मॅडमच राहिल्या आणि हा गृहस्थ वर्षभरात आप्पा झाला! होणारच. वजन वाढू नये म्हणून मॅडमनी तिच्या पुढ्यातलं ताट ओढलं; हा म्हणे शेजारी बसून आग्रह करकरून वाढतो. ज्युदोचं पदक गळ्यात पडतानाही ओठ मिटून उभी राहणारी पोर इथे हरल्यावरही खिदळत होती. मॅडमचा जळफळाट झाला तो त्या खिदळण्याने.

आता ब्राँझची लढत तेवढी उरली होती. पुढच्या महिन्यात ज्युदो आणि सुमो, दोन्हींच्या स्पर्धा एकाच आठवड्यात होत्या. "आज पदक मिळालं तर सुमो, नाहीतर मुकाट्याने तुमच्याकडे," असं ढब्बूनेच सांगून टाकलं होतं.

मध्येच ती धावत कठड्यापाशी आली. "मॅडम, मेला हा हात! आपोआप खाली जातो हो."

"जाणारच. त्यानेच आजवर डोकं वाचवलंय तुझं."

"आप्पा म्हणतात, तोंडावर पड, पण हात टेकू नकोस."

"त्यांचं काय जातंय? तोंड तुझं फुटणार आहे."

बोलणं अगदी खरं होतं. पण ते काळजीपोटी आलेलं नाही, हे मॅडमना स्वतःलाही कळत होतं.

समोरची मुलगी चांगली दांडगी होती. तिने ढब्बूला रेटत रेटत पार कडेला नेलं. तिथे ढब्बूने दोन्ही हातांनी तिचा पट्टा धरला आणि कंबर आत घातली.

"हा डाव आमच्याकडचा आहे," मॅडम न राहवून शेजारच्या बाईंना म्हणाल्या.

दोघींचे पाय सुटले. टेक, मॅडम मनात म्हणाल्या. टेक गं हात, टेक.

ढब्बूने पट्टा सोडला नाही. दांडगीचा खांदा जमिनीला लागला आणि मग ढब्बू, पोतं आदळावं तशी, सरळ तोंडावर पडली. पंचांचा हात तिच्या बाजूला गेला. आप्पा लहान मुलासारखे उड्या मारू लागले.

ती उठली तेव्हा ओठ फुटून हनुवटीवर रक्त आलं होतं. आप्पांकडे न जाता ती आधी कठड्याकडे वळली आणि तिने दोन्ही पंजे वर करून दाखवले.

"मॅडम! पाहिलंत? नाही टेकला!"

 शेजारच्या बाई मात्र मॅडमकडेच बघत होत्या.

"अहो, हात केवढ्यांदा आपटलात! लागलं का?"

मॅडमनी खाली पाहिलं. त्यांचा स्वतःचा तळहात बाकावर सपाट पडला होता, लालबुंद होऊन.